सहाशे मण सोनं आणि मिठाची पोती

600 मण सोनं, 7 मण मोती, 2 मण हिरे-माणकं, 1000 मण चांदी, 4000 रेशमी ठाण. 1296 साली देवगिरीच्या रामचंद्रदेव यादवाने अल्लाउद्दीन खिलजीला दिलेली ही खंडणी. आकडे इतिहासकार फिरिश्ताचे आहेत आणि तो तीनशे वर्षांनी लिहीत होता, तेव्हा ते फुगलेही असतील. तरी हिशेब मांडून बघण्यासारखा आहे.

त्या काळचा दिल्लीचा मण साधारण 13 किलोंचा धरतात. म्हणजे सोनं पावणेआठ टनांच्या वर. पण सोनं इतकं जड, की त्याचा एकच ठोकळा ओतला तर त्याची बाजू 74 सेंटीमीटरच भरेल! चांदी, मोती, रत्नं धरून सगळं वजन जेमतेम 21 टन. कोळसा वाहणाऱ्या एखाद्या बारा चाकी टिपरमध्ये ते मावलं असतं.

त्याहून थक्क करणारा आकडा दुसराच आहे. पहिला तह 50 मण सोन्यावर ठरला होता. तेवढ्यात बाहेर गेलेलं सैन्य घेऊन युवराज शंकरदेव परतला, बापाचा निरोप न ऐकता लढला आणि हरला. 50 चे 600 झाले. तरीही देवगिरीचा गड लढवता आला असता, कारण कडा सरळ तासलेला. पण धान्य समजून वर नेलेली पोती फोडली, तर आत मीठ!

अल्लाउद्दीन तेव्हा नुसता सरदार होता. तो प्रयागराजजवळच्या कडा या गावाहून, सरळ रेषेत सुमारे 900 किलोमीटर, काही हजार घोडेस्वारांनिशी आला. वाटेत आपल्या वऱ्हाडातलं एलिचपूर, म्हणजे अचलपूर, लागलं. तहात एलिचपूरचा वसूलही द्यायचं ठरलं. पुढे तो वसूल थकला, म्हणून अल्लाउद्दीनचा सेनापती मलिक काफूर चालून आला.

खंडणीच्याच वर्षी, 1296 मध्ये, अल्लाउद्दीनने सुलतान असलेल्या काकाचा खून केला. दिल्लीकडे जाताना, इतिहासकार बरनी सांगतो, दर मुक्कामी 5 मण सोन्याचे तारे यंत्राने लोकांवर उधळले जात. म्हणजे दर मुक्कामी 65 किलो. दख्खनच्या सोन्यावर दिल्लीचं तख्त विकत घेतलं गेलं, असंच मला वाटतं.

यादव राजा सिंघणदेवाच्या काळात नर्मदेपासून तुंगभद्रेपलीकडे दबदबा असलेलं हे देवगिरीचं राज्य. ज्ञानेश्वरीत रामचंद्राचं नाव आलं 1290 मध्ये. त्यानंतर सहा वर्षांत खंडणी, आणि आणखी बावीस वर्षांत, 1318 मध्ये, जावई हरपालदेव मारला गेला. गादीवर यादव उरला नाही.