चुकीची फीत ओळखणारा यांत्रिक ग्रंथपाल

घरात एखादी जुनी व्हिडिओ कॅसेट असेल तर ती हातात घेऊन पाहा. ती उलटी घालू म्हटले तर यंत्रात शिरतच नसे. चूक होण्याआधीच ती अडवण्याची ही युक्ती आजही फार मोठ्या कामी येते.

पुण्याच्या भारतीय उष्णदेशीय हवामानशास्त्र संस्थेत २०१८ साली ‘प्रत्यूष’ हा महासंगणक सुरू झाला. आपल्या परभणीचा शेतकरी ज्या पावसाची वाट पाहतो, त्या पावसाचा अभ्यास अशा संगणकांवर चालतो. त्यातून निघणारी प्रचंड माहिती वर्षानुवर्षे जपायची, तर चुंबकीय फीत स्वस्त पडते. २०२१ मध्ये आलेल्या एलटीओ-९ जातीच्या एका कार्ट्रिजमध्ये १,०३५ मीटर फीत असते व तिच्यावर १८ टेराबाइट माहिती मावते.

अशी शेकडो कार्ट्रिजे खणाखणांच्या कपाटात ठेवलेली असतात. यांत्रिक हात हवे ते कार्ट्रिज चिमट्याने उचलतो व वाचकयंत्रात घालतो. पण खणात ते प्रथम ठेवतो माणूस, आणि माणूस चुकतो!

कार्ट्रिजची लांबी १०५.४ व रुंदी १०२ मिलिमीटर, म्हणजे जवळजवळ चौरस. चार कडा आणि दोन बाजू धरल्या, तर ते खणात सरकवण्याच्या आठ रीती होतात. त्यांतली बरोबर एकच! म्हणून त्याच्या कडांना मुद्दाम खाचा दिलेल्या असतात. उलटे घातले तर ते नीट बसत नाही, चिमट्याला त्याची पकड मिळत नाही. ठरावीक प्रयत्नांनंतर यंत्र थांबते व चालकाला सूचना देते. ते जोर करीत नाही, कारण जोर केला तर फीतही जाईल आणि हातही.

कार्ट्रिज सरळ आहे, पण खण चुकला तर? ग्रंथालयात पुस्तक भलत्या कपाटात गेले, की ते हरवल्यासारखेच. म्हणून कपाटाचे दार उघडून बंद केले, की यंत्र खणांवरून फिरून कार्ट्रिजांवरील बारकोड वाचते आणि आपली यादी नव्याने करते. बारकोडाची शेवटची दोन अक्षरे फितीची पिढी सांगतात. एलटीओ-९ चे यंत्र आठव्या पिढीची फीत चालवते, सातवीची नाकारते.

सर्वांत घातक चूक म्हणजे भलत्याच फितीवर चिकटवलेला बारकोड. त्यावर विसंबून लिहिले, तर जुनी माहिती कायमची पुसली जाईल. त्यासाठी फितीच्या आरंभीही तिचे नाव चुंबकीय रूपात लिहिलेले असते. पाकिटावरचे नाव आणि आतल्या पत्रातले नाव जुळले, तरच पुढे जायचे. न जुळल्यास फीत बाजूला ठेवून माणसाला विचारायचे.

एवढी काळजी कशाला? २०११ च्या फेब्रुवारीत गूगलच्या ई-मेल सेवेत प्रणालीतील दोषामुळे काही ग्राहकांची पत्रे नाहीशी झाली. ती परत मिळाली, ती अलग ठेवलेल्या फितींवरून. त्या फितीच चुकून पुसल्या गेल्या असत्या तर?

आता एक प्रयोग. आयताकृती पुठ्ठा एका चपट्या खोक्यात किती रीतींनी सरकवता येतो, ते मोजा. मग पुठ्ठ्याचा एक कोपरा कापा, खोक्याच्या तळाशी त्या जागी तेवढाच तुकडा चिकटवा आणि पुन्हा मोजा. मोबाइलच्या सिमकार्डाचा कोपरा का कापलेला असतो, याचे उत्तर तुम्हांला आपोआप मिळेल.