ग्रॅम्बलिंगचा शनिवार

आमची मुलगी नोकरीनिमित्त अमेरिकेत लुईझियाना राज्यातील श्रीव्हपोर्ट या गावी राहते. तिच्या शेजारच्या कृष्णवर्णीय आजींच्या बैठकीत भिंतीवर तीन फोटो आहेत. एक येशूचा, दुसरा डॉ. मार्टिन ल्यूथर किंग यांचा. हे दोन आम्ही ओळखले. तिसऱ्या फोटोत टोपी घातलेला, शिट्टी गळ्यात अडकवलेला एक साधा माणूस होता. आम्ही विचारले, हे आपले वडील का? आजी हसल्या. म्हणाल्या, ''वडिलांचा फोटो आतल्या खोलीत आहे. हे कोच रॉबिन्सन.''

बुद्ध आणि बाबासाहेब यांच्या शेजारी आपण कुणा क्रिकेट प्रशिक्षकाचा फोटो लावू काय? आम्हाला तेव्हा हे विचित्रच वाटले. पुढे सहा महिने त्या घरात जाणे-येणे झाले, दर शनिवारी त्यांच्या दूरदर्शन संचासमोर बसणे झाले आणि मग या फोटोचा अर्थ कळत गेला.

वाचकांच्या माहितीसाठी सांगतो, अमेरिकेत फुटबॉल म्हणजे आपला पायाने खेळायचा फुटबॉल नव्हे. चेंडू लांबट, दोन्ही टोकांना निमुळता. तो हातात घेऊन पळायचे किंवा फेकायचा. चार प्रयत्नांत दहा यार्ड पुढे सरकायचे, नाही जमले तर चेंडू समोरच्यांच्या ताब्यात. तिथे व्यावसायिक संघ रविवारी खेळतात आणि कॉलेजांचे संघ शनिवारी. कॉलेजच्या सामन्यालाही लाखभर माणसे जमतात. आपल्याकडे गावाची जत्रा असते तसा प्रकार. कुळाचे दैवत बदलावे पण कॉलेज बदलू नये, अशी तिथल्या घराघरांतली निष्ठा.

आजींच्या घराची निष्ठा ग्रॅम्बलिंगला. लुईझियानाच्या उत्तरेकडच्या माळावर हे छोटेसे गाव. गुलामी कायद्याने संपली तरी काळ्यांच्या मुलांना गोऱ्यांच्या शाळेत पाय ठेवता येत नव्हता. तेव्हा तिथल्या काळ्या शेतकऱ्यांनी पुढाकार घेतला, बुकर टी. वॉशिंग्टन यांनी टस्कगीहून चार्ल्स अ‍ॅडम्स यांना पाठवले आणि १९०१ साली शाळा उभी राहिली. तीच आज ग्रॅम्बलिंग स्टेट युनिव्हर्सिटी आहे. महात्मा फुल्यांनी १८७३ साली 'गुलामगिरी' हा ग्रंथ गुलामांना मुक्त करणाऱ्या अमेरिकेतील सज्जनांना अर्पण केला होता. पण मुक्तीनंतर त्या माणसांच्या वाट्याला काय आले, ते या शाळेचा इतिहास वाचला की कळते.

१९४१ साली तिथे एडी रॉबिन्सन नावाचा बावीस वर्षांचा तरुण प्रशिक्षक म्हणून आला. बाप वाट्याने शेती करणारा, आई दुसऱ्यांच्या घरी कामाला. हा स्वतः तोवर बॅटन रूजच्या एका गिरणीत तासाला पंचवीस सेंट मजुरीवर राबत होता. कॉलेजने प्रशिक्षक नेमला म्हणजे शिट्टी वाजवायला नेमला, असे नव्हते. मैदानावरचे गवत कापणे, चुन्याच्या रेघा मारणे, पोरांच्या घोट्यांना पट्ट्या बांधणे, बस चालवणे, सामन्याची बातमी स्वतः लिहून वर्तमानपत्राला देणे, सगळे त्यानेच करायचे. प्रवासात हॉटेलवाले काळ्यांना आत घेत नसत, म्हणून पोरांसाठी सँडविचही त्यानेच बांधून न्यायचे. पहिल्या वर्षी तीन सामने जिंकले, पाच हरले. दुसऱ्या वर्षी नऊच्या नऊ जिंकले आणि कुठल्याही संघाला एक गुणसुद्धा मिळू दिला नाही!

त्या सुरुवातीच्या काळातली एक गोष्ट तिकडे सगळ्यांना ठाऊक आहे. दोन चांगल्या खेळाडूंना त्यांच्या बापाने कापूस वेचणीसाठी घरी ठेवून घेतले. रॉबिन्सन त्या बापाशी भांडले नाहीत. सगळा संघ घेऊन शेतावर गेले, कापूस वेचून दिला आणि पोरांना घेऊन आले. आम्ही वऱ्हाडातले. वेचणीच्या दिवसांत शाळेचा पट कसा रिकामा होतो, हे आम्हाला कुणी सांगायला नको. आमच्याच वर्गातली किती पोरे दिवाळीनंतर परत आली नाहीत! त्यांच्या शेतावर कुणी मास्तर वेचायला गेला नाही.

आजींचे वडीलही कापसावरच मजूर होते. शनिवारी दुपारपर्यंत काम उरकून ते मालकाकडून उसना घेतलेला ट्रक काढीत आणि बायको-पोरांना मागे बसवून ग्रॅम्बलिंगला नेत. बुटांच्या रिकाम्या खोक्यात तळलेली कोंबडी, पाव आणि उकडलेली अंडी. वाटेत काही विकत मिळण्याची सोय नव्हती, म्हणजे दुकाने होती पण दारे बंद होती. आजी हे सांगत असताना आमच्या सौभाग्यवती मध्येच म्हणाल्या, ''आमची भाकरीची गाठोडी.'' दीक्षाभूमीला पायी निघालेल्या बायकांच्या डोक्यावरची गाठोडी त्यांना आठवली. मुलीने ते आजींना इंग्रजीत समजावून सांगितले. त्यानंतर आजींनी आम्हाला कधी परके मानले नाही.

आजी पुढे त्याच ग्रॅम्बलिंगमध्ये शिकल्या आणि शिक्षिका झाल्या. त्या सांगतात, कोच सकाळी हातात घंटा घेऊन वसतिगृहात फिरायचा आणि पोरांना वर्गाला जाण्यासाठी उठवायचा. छप्पन वर्षांच्या कारकिर्दीत, १९९७ पर्यंत, रॉबिन्सन यांनी ४०८ सामने जिंकले. दोनशेहून अधिक खेळाडू व्यावसायिक संघांत पाठवले. १९८५ साली त्यांनी अलाबामाच्या बेअर ब्रायंट या गोऱ्या प्रशिक्षकाचा ३२३ विजयांचा विक्रम मोडला. पण आजींच्या लेखी आकड्यांपेक्षा ती घंटा मोठी.

आता मुद्द्याचे. या खेळात क्वार्टरबॅक नावाची एक जागा असते. चेंडू कुणाकडे द्यायचा, कधी फेकायचा, हे क्षणात ठरवणारा तो मैदानावरचा मेंदू. गोऱ्यांचा सिद्धांत असा की, काळ्या माणसाने पळावे, धडका द्याव्यात, अडवावे. विचार करण्याचे काम त्याचे नाही. कॉलेजात क्वार्टरबॅक म्हणून गाजलेल्या काळ्या मुलाला व्यावसायिक संघात नेले की त्याची जागा बदलून टाकत. हा सिद्धांत आम्हाला ओळखीचा वाटला. कुणी डोक्याने काम करायचे आणि कुणी पाठीने, हे आपल्याकडे तर धर्मग्रंथातच लिहून ठेवले आहे. पळवणकर बाळू यांची गोलंदाजी पुण्याच्या साहेबांना आणि ब्राह्मण खेळाडूंना चालत होती, पण त्यांचा चहा बाहेर, मातीच्या भांड्यात. आणि कर्णधारपद? ते तर बाळूंना मिळालेच नाही. त्यांचे धाकटे बंधू विठ्ठल हिंदू संघाचे कर्णधार झाले ते १९२३ साली, मोठ्या झगड्यानंतर.

रॉबिन्सन यांनी हा सिद्धांत मोडायचे मनावर घेतले. त्यांचा विद्यार्थी जेम्स हॅरिस १९६९ साली बफेलोच्या व्यावसायिक संघात हंगामाच्या पहिल्याच सामन्यात क्वार्टरबॅक म्हणून उतरला. असा मान मिळालेला तो पहिला कृष्णवर्णीय. त्यानंतर डग विल्यम्स. ३१ जानेवारी १९८८ रोजी सुपर बोलच्या अंतिम सामन्यात वॉशिंग्टनचा संघ दहा गुणांनी मागे होता. दुसऱ्या पंधरा मिनिटांत ३५ गुण झाले, त्यांत विल्यम्सच्या चार फेकी. सामना ४२-१० असा जिंकला आणि सर्वोत्कृष्ट खेळाडूही तोच. आजी सांगतात, त्या रात्री त्यांचे वडील खुर्चीतून उठले, अंगणात गेले आणि बराच वेळ आत आलेच नाहीत. त्यांनी आयुष्यभर मालकाचा ट्रॅक्टर दुरुस्त केला होता, पण मालकाने त्यांना तो कधी चालवू दिला नव्हता.

इथे थोडे विषयांतर. बाबासाहेब १९१३ ते १९१६ या काळात कोलंबिया विद्यापीठात होते. हा खेळ तेव्हा इतका रानटी होता की कोलंबियाने १९०५ च्या हंगामानंतर तो बंदच केला होता आणि १९१५ साली पुन्हा सुरू केला. बाबासाहेबांचे दिवस ग्रंथालयात जात होते. त्याच १९१५ साली जवळच्या न्यू जर्सीत, रटगर्स कॉलेजात, पॉल रॉबसन नावाचा काळा मुलगा संघात आला. सोबत्यांनी सरावात त्याचे नाक फोडले. ऑक्टोबर १९१६ मध्ये दक्षिणेतला एक गोरा संघ आला आणि काळ्यासोबत खेळणार नाही म्हणून अडून बसला. कॉलेजने रॉबसनलाच बाकावर बसवले. तोच मुलगा पुढे देशातल्या सर्वोत्तम संघात दोनदा निवडला गेला, कोलंबियातूनच कायद्याची पदवी घेतली आणि गायक म्हणून जगभर गाजला. दोघांची भेट झाली असती तर, असा विचार मनात येतो खरा.

पण सगळी गोष्ट विजयाची नाही. १२ सप्टेंबर १९७० रोजी कॅलिफोर्नियाच्या संघातल्या सॅम कनिंगहॅम या काळ्या खेळाडूने बर्मिंगहॅममध्ये येऊन अलाबामाच्या गोऱ्या संघाची धूळधाण उडवली. दक्षिणेतल्या मोठ्या कॉलेजांचे दरवाजे तेव्हा किलकिले झालेच होते, आता ते भराभर उघडले. माणुसकी जागी झाली म्हणून नव्हे, सामने जिंकायचे होते म्हणून! उत्तमोत्तम काळी पोरे तिकडे गेली. ग्रॅम्बलिंगसारख्या कॉलेजांकडे मागे उरले ते जुने मैदान आणि जुनी पुण्याई. २०१३ च्या ऑक्टोबरात तिथल्या खेळाडूंनी बुरशी धरलेल्या खोल्या आणि बसचे अंतहीन प्रवास यांना कंटाळून एका सामन्यावर बहिष्कारच टाकला. अमेरिकेच्या केंद्र सरकारने २०२३ साली सोळा राज्यांच्या राज्यपालांना पत्रे लिहिली. शेतीशिक्षणासाठी उभारलेल्या काळ्यांच्या विद्यापीठांना गोऱ्यांच्या तुलनेत तीन दशकांत बारा अब्ज डॉलर कमी दिले गेले, असा हिशेब त्यांत होता. लुईझियानाचे सदर्न विद्यापीठ, म्हणजे ग्रॅम्बलिंगचा मैदानावरचा कट्टर वैरी, त्या यादीत आहे.

आजींच्या घरात हा झगडा जेवणाच्या टेबलावर झाला. त्यांचा मुलगा चांगला खेळायचा. ऐंशीच्या दशकात त्याला एका मोठ्या, एकेकाळी फक्त गोऱ्यांच्या असलेल्या कॉलेजने शिष्यवृत्ती देऊ केली. त्याचे आजोबा म्हणाले, ''ज्यांनी मला दारात उभे केले नाही, त्यांच्यासाठी तू धावणार?'' मुलगा म्हणाला, ''दार उघडावे म्हणूनच तर तुम्ही मोर्चे काढले ना?'' दोघेही खरे बोलत होते. आजी मधल्या पिढीच्या, त्या काहीच बोलल्या नाहीत. मुलगा गेला. आजोबा त्याच्या एकाही सामन्याला गेले नाहीत. ते वारल्यावर त्यांच्या उशाखाली वर्तमानपत्राची कात्रणे सापडली, सगळी नातवाच्या सामन्यांची.

हे ऐकले त्या रात्री आम्हाला झोप आली नाही. आम्ही स्वतः समाजाच्या कॉलेजात शिकलो. बाबासाहेबांनी १९४५ साली पीपल्स एज्युकेशन सोसायटी स्थापन केली. मुंबईत सिद्धार्थ, औरंगाबादेत मिलिंद उभे केले. त्याच प्रेरणेने गावोगाव ज्या संस्था निघाल्या, त्यांतल्या एकीच्या वसतिगृहातली डाळ खाऊन आम्ही नोकरीला लागलो. आणि मुलीची वेळ आली तेव्हा? तेव्हा आम्ही दुसऱ्या नामांकित कॉलेजच्या रांगेत उभे राहिलो. आपल्या कॉलेजात आता काय राहिले, असे म्हणणाऱ्यांत आमचाही आवाज होता. मुलीच्या भल्याचे केले, याचा पश्चात्ताप नाही. पण त्यानंतर त्या वसतिगृहाच्या दाराशी आम्ही एकदाही गेलो नाही, त्याला कुठलीही सबब चालणार नाही.

आणि आजींचा मुलगा? तो आज पन्नाशी ओलांडलेला इंजिनियर आहे. आपल्या कॉलेजचे नाव असलेली टोपी घालतो, पण दरवर्षी ग्रॅम्बलिंगला पैसे पाठवतो. त्याची मुलगी ग्रॅम्बलिंगमध्येच गेली, खेळायला नव्हे तर बँडमध्ये ट्रम्पेट वाजवायला. ग्रॅम्बलिंगचा बँड म्हणजे साधी गोष्ट नव्हे, १९६७ च्या पहिल्या सुपर बोलमध्ये तो वाजला होता. नोव्हेंबरच्या शेवटी न्यू ऑर्लिन्समध्ये ग्रॅम्बलिंग आणि सदर्न यांचा सामना होतो. तो १९७४ पासून चालत आला आहे. त्या वर्षी सगळे कुटुंब आम्हालाही तिकडे घेऊन गेले. आजींनी हॉटेलात जेवायला साफ नकार दिला. बुटांच्या खोक्यात कोंबडी, पाव आणि उकडलेली अंडी आणली होती.

मध्यंतरात बँड मैदानात आला. शेकडो पोरे-पोरी, पितळी वाद्ये, ढोलांचा असा दणका की १४ एप्रिलच्या मिरवणुकीची आठवण यावी. हजारो माणसे उभी राहिली. नात कुठल्या रांगेत आहे, हे आजींना दिसत नव्हते. मुलाने डोक्यावरची टोपी काढली, आईचा हात धरला आणि बोट दाखवून रांगा मोजू लागला.

आता आम्ही नागपुरात असतो. तिकडे दुपारी एकला सामना सुरू होतो, तेव्हा इकडे रात्रीचे साडेबारा वाजलेले असतात. सौभाग्यवती चहा टाकतात. खेळातले त्यांना अजूनही फारसे कळत नाही, पण सामना सुरू झाला की पहिला प्रश्न त्यांचाच असतो, ''यंदा क्वार्टरबॅक कोण आहे हो?''