घरच्या घरी चित्रपट : प्रोजेक्टरची निवड आणि उभारणी

इसवी सन १८९२ च्या सुमारास कल्याणच्या महादेव गोपाळ पटवर्धन यांनी ‘शांबरिक खरोलिका’ या नावाचे खेळ दाखविण्यास प्रारंभ केला. काचेवर हाताने रंगविलेली चित्रे, त्यांच्या मागे दिवा आणि पुढे भिंग, एवढ्या साहित्यावर पांढऱ्या पडद्यावर मोठमोठी चित्रे उमटत. मुंबईच्या वॉटसन हॉटेलात ल्युमिए बंधूंची हलती चित्रे लोकांनी पाहिली ती ७ जुलै १८९६ रोजी, म्हणजे त्यानंतर सुमारे चार वर्षांनी. दिवा, चित्र, भिंग आणि पडदा ही चार अंगे आजच्या प्रोजेक्टरच्या खेळातही कायम आहेत. पाचवे अंग मात्र यंत्राबरोबर मिळत नाही. ते म्हणजे अंधार.

चित्रपटगृहात हा अंधार प्रेक्षकाला तयार मिळतो. बेंगळुरूच्या शिवाजीनगर भागात (हे पुण्याचे शिवाजीनगर नव्हे) एल्गिन नावाचे जुने चित्रपटगृह होते. ते आता राहिलेले नाही. अशी एकपडदा चित्रपटगृहे कमी होत गेली आणि मोठ्या पडद्याची हौस घरात पुरी करावी, असे अनेक कुटुंबांना वाटू लागले. परंतु घरातला अंधार घरच्यांनाच निर्माण करावा लागतो. या गोष्टीचा विचार न करता केलेल्या खरेदीत साठविलेले पैसे वाया जाण्याचा संभव असतो.

एक उदाहरण घेऊ. समजा, शिवाजीनगरच्या रसेल मार्केटजवळील एका गल्लीत पहिल्या मजल्यावर एका कुटुंबाची दहा फूट रुंद व बारा फूट लांब खोली आहे. खिडकी रस्त्यावर उघडते आणि समोरच्या दुकानांचे दिवे रात्री उशिरापर्यंत जळतात. छताच्या मध्यभागी पंखा आहे. या कुटुंबाने प्रोजेक्टरसाठी काही रक्कम बाजूला ठेवली आहे. त्यांनी प्रथम दुकानात जावे की खोलीत मोजपट्टी धरावी? मोजपट्टी धरावी, हे निःसंशय.

प्रोजेक्टर भिंतीपासून जितका दूर, तितके चित्र मोठे. प्रत्येक यंत्रासाठी हे प्रमाण ठरलेले असते व माहितीपुस्तिकेत ते दिलेले असते. हे प्रमाण १.५ असेल, तर दीड फूट अंतरावरून एक फूट रुंदीचे चित्र पडते, असा त्याचा अर्थ होतो. आपल्या खोलीची लांबी बारा फूट आहे. यंत्राची स्वतःची लांबी आणि त्यामागे वायरींसाठी व हवेसाठी लागणारी जागा मिळून दीड फूट सोडल्यास भिंगापासून समोरच्या भिंतीपर्यंत साडेदहा फूट उरतात. म्हणजेच १.५ प्रमाणाचे यंत्र येथे सात फूट रुंद चित्र देईल. प्रमाण २ असेल, तर चित्र सव्वापाच फुटांवरच थांबेल. १.२ असेल, तर ते पावणेनऊ फूट होईल आणि दहा फुटांच्या भिंतीवर कपाटाला जागा उरणार नाही. हा साधा भागाकार न केल्यामुळे नवे यंत्र जिन्यात नेऊन ठेवण्याची पाळी आलेली माणसे प्रस्तुत लेखकाने पाहिली आहेत.

आता प्रकाशाचा हिशेब पाहू या, कारण खरी मेख येथेच आहे. प्रोजेक्टरमधून बाहेर पडणारा प्रकाश ‘ल्युमेन’ या एककात मोजतात. तोच प्रकाश एक चौरस मीटर जागेवर किती पडला, हे ‘लक्स’ या एककाने सांगतात. सात फूट रुंदीच्या चित्राची उंची सुमारे चार फूट असते व त्याचे क्षेत्रफळ अडीच चौरस मीटरांहून किंचित अधिक भरते. एक हजार ल्युमेनचा प्रकाश त्यावर पसरला, तर प्रत्येक चौरस मीटरला सुमारे ३९० लक्स येतात. चित्राची रुंदी दुप्पट केली, तर क्षेत्रफळ चौपट होते आणि प्रकाश एक चतुर्थांश उरतो. ‘मोठा पडदा म्हणजे चांगला पडदा’ हा समज म्हणूनच फसवा आहे.

याहूनही महत्त्वाची बाब अशी की, प्रोजेक्टर काळा रंग फेकू शकत नाही. तो केवळ प्रकाश फेकतो, आणि जेथे काळे दाखवावयाचे तेथे प्रकाश अडवितो. तेथे आपल्याला दिसते ती भिंत होय, खोलीतील प्रकाशात जशी दिसेल तशी. समजा, ट्यूबलाइट चालू असताना भिंतीवर १०० लक्स प्रकाश पडतो. मग चित्रातील रात्रीचे आकाश १०० लक्सचे होईल आणि पांढरा सदरा ४९० लक्सचा. दोहोंत जेमतेम पाचपट अंतर उरते व चित्र धुऊन काढल्यासारखे फिके दिसते. आता ट्यूबलाइट बंद करून खिडकीवर जाड, गडद पडदा सोडला व भिंतीवर केवळ पाच लक्स राहिले असे धरा. पाच आणि ३९५ यांत जवळजवळ ऐंशीपट अंतर पडते. यंत्र तेच, भिंत तीच. उलट, ट्यूबलाइट तशीच ठेवून दोन हजार ल्युमेनचे महागडे यंत्र आणले, तरी अंतर नऊपटीच्या आतच राहते. त्या कुटुंबाने पहिला खर्च खिडकीच्या पडद्यावर करावा, तो यासाठी.

समोरच्या भिंतीला पांढरा, चमक नसलेला रंग हवा. तेलरंगाच्या भिंतीवर दिव्याचा ठिपका चकाकतो. बाजूच्या भिंती व छत मात्र गडद असतील तितके बरे, कारण पडद्यावरील प्रकाश त्यांच्यावर आदळून पुन्हा पडद्यावरच येतो.

एवढे झाल्यावर बाजारात जावे. बेंगळुरूत विजेच्या व इलेक्ट्रॉनिक वस्तूंसाठी सदर पत्रप्पा रस्ता, म्हणजे बोलीतला एस. पी. रोड, प्रसिद्ध आहे. तेथे काय, अथवा घरबसल्या मागविताना काय, खोक्यावरील दोन आकड्यांपासून सावध राहावे. पहिला आकडा ल्युमेनचा. स्वस्त यंत्रांच्या खोक्यांवर कित्येक हजारांचे आकडे छापलेले असतात. ‘आन्सी’ किंवा ‘आयएसओ’ या मानकांनुसार मोजलेला आकडा विचारावा व तो न मिळाल्यास छापील आकडा गृहीत धरू नये. दुसरा आकडा चित्रबिंदूंचा. ‘फोर-के चालते’ याचा अर्थ यंत्र तसे चित्र स्वीकारते इतकाच. दाखविताना ते १२८० × ७२० बिंदूंतच दाखवीत असेल. यंत्राचे मूळचे बिंदू किती, असा प्रश्न करावा. सात फुटांच्या चित्राला १९२० × १०८० बिंदू पुरेसे होतात. दुकानात पडद्यावर अक्षरे आणावयास सांगावीत आणि चारही कोपऱ्यांतील अक्षरे सारखीच स्पष्ट आहेत का, ते पाहावे. मधोमधचे चित्र कोणतेही यंत्र चांगलेच दाखविते.

दिव्याचे आयुष्यही विचारात घ्यावे. पाऱ्याच्या वाफेचा जुन्या पद्धतीचा दिवा साधारणतः तीन ते पाच हजार तास टिकतो आणि तो बदलणे खर्चाचे असते. एलईडी व लेसर प्रकाशाची यंत्रे वीस हजार तासांपर्यंत चालतात, असे उत्पादक सांगतात. वापरलेले यंत्र घेताना त्याच्या सूचीमध्ये दिवा किती तास जळला, याची नोंद उघडून पाहावी.

आता उभारणी. आपल्या खोलीत अडचण आहे ती पंख्याची. यंत्र छताला चिकटवून बसविले, तर प्रकाशझोत पात्यांतून जातो आणि चित्र सतत फडफडते. शिवाय जुन्या घरांत कधी कधी लाकडी तुळयांवर विटा व चुना यांनी बांधलेले ‘मद्रास टेरेस’ पद्धतीचे छत असते. तेथे तुळयांच्या मधल्या विटांत भोक पाडून वजन टांगणे धोक्याचे असते. त्यापेक्षा मागील भिंतीत पक्के बोल्ट बसवून त्यावर ब्रॅकेट लावावा व यंत्र उलटे टांगावे. चित्र सुलटे करण्याची सोय सूचीमध्ये असते. बहुतेक यंत्रांत भिंग अशा वेळी चित्राच्या वरच्या कडेच्या पातळीत येते. नेमके माप पुस्तिकेतील आकृतीवरून घ्यावे. यंत्र भिंतीशी काटकोनातच हवे. तिरके ठेवल्यास चित्र एका बाजूला रुंद होते. ते यंत्राकडून सरळ करून घेता येते, पण त्यात चित्रबिंदू वाया जातात व अक्षरे धूसर होतात.

जोडणी तीन पिनांच्या, अर्थिंग असलेल्या सॉकेटवर करावी. पाऱ्याच्या दिव्याचे यंत्र असेल, तर वीज अचानक गेल्यावर आतील पंखा थांबतो आणि तापलेला दिवा तसाच राहतो. यासाठी लहान यूपीएस उपयोगी पडतो. आवाजाची पेटी यंत्राजवळ न ठेवता पडद्याखाली ठेवावी, म्हणजे पात्र समोर व बोलणे पाठीमागून असा प्रकार होत नाही. पेटी ब्लूटूथने जोडल्यास ओठ आधी हलतात आणि शब्द मागाहून येतात. वायर घेणे बरे.

यंत्र घेण्यापूर्वी आणखी एक प्रयोग करता येईल. वर्तमानपत्राचे कागद जोडून सात फूट रुंद व चार फूट उंच चौकोन भिंतीवर चिकटवावा. रात्री आठ वाजता, दुकानांचे दिवे पूर्ण जळत असताना, खिडकीचा पडदा सोडून सर्वांनी आपापल्या जागी बसावे. अंधाराला डोळे सरावल्यानंतरही कागदावरील बारीक मजकूर वाचता येत असेल, तर प्रकाश कोणत्या फटीतून येतो ते शोधावे आणि आधी ती फट बुजवावी.