द्राक्षबागेची तिऱ्हाईत तपासणी

रॉटरडॅमच्या बंदरात द्राक्षाचा कंटेनर उघडणाऱ्या आयातदाराने दिंडोरी किंवा निफाड तालुका कधी पाहिलेला नसतो. मणी एकसारखे आहेत, देठ अजून हिरवा आहे, गोडी पुरेशी आहे, एवढं त्याला डोळ्यांनी आणि जिभेने कळतं. पण शेवटची फवारणी कधी झाली, औषध मारणाऱ्या मजुराच्या हातात मोजे होते का, रिकामे डबे ओढ्यात गेले की आणखी कुठे, हे घडाकडे बघून कळायला मार्ग नाही. विकणाऱ्याच्या शब्दावर विसंबावं तर त्याचा स्वार्थ उघड आहे. प्रत्येक बागेत स्वतः जाऊन यावं तर परवडत नाही. म्हणून दोघांच्या मधे तिसरा माणूस उभा केला जातो. माल पिकवण्याशी किंवा विकण्याशी त्याचा संबंध नसतो. जे पाहिलं ते लिहून द्यायचं, इतकंच त्याचं काम.

आपल्याकडे या साऱ्या प्रकाराला सरसकट ‘सर्टिफिकेट’ म्हणतात, आणि घोटाळा तिथूनच सुरू होतो. कारण इथे प्रश्न तीन आहेत. फळ पिकवलं कसं? फळात उरलंय काय? आणि पेटीत भरलेलं फळ त्याच बागेचं कशावरून? पहिल्याचं उत्तर बागेत मिळतं, दुसऱ्याचं प्रयोगशाळेत, तिसऱ्याचं कागदपत्रांत. एकाचं उत्तर दुसऱ्याला लागू पडत नाही.

पहिल्या प्रश्नासाठी नाशिकच्या निर्यातदार बागायतदाराच्या तोंडी असलेलं नाव म्हणजे ग्लोबल गॅप. युरोपातल्या मोठ्या किरकोळ विक्रेत्यांनी १९९७ मध्ये एकत्र येऊन ‘युरेपगॅप’ नावाने हे मानक सुरू केलं. २००७ मध्ये त्याचं नाव बदललं. यातला ‘गॅप’ म्हणजे उत्तम कृषी पद्धती. हे सरकारी नियम नाहीत, दुकानदारांनी पुरवठादारांना घातलेली अट आहे. हे मानक सेंद्रिय शेतीचंही नाही. रासायनिक औषध वापरायला त्यात बंदी नाही. का, किती, केव्हा आणि कोणी वापरलं याचा हिशेब मात्र द्यावा लागतो. ‘सर्टिफाइड’ आणि ‘बिनऔषधी’ यांत फरक आहे, हे शहरातल्या पुष्कळ ग्राहकांच्या गावीही नसतं.

मानक लिहिणारी संस्था स्वतः बाग तपासत नाही. तपासतात त्या प्रमाणन संस्था, आणि ‘आयएसओ १७०६५’ या आंतरराष्ट्रीय मानकानुसार त्यांना आधी स्वतःची पात्रता सिद्ध करावी लागते. भारतात अशी मान्यता देण्याचं काम भारतीय गुणवत्ता परिषदेखालचं ‘एनएबीसीबी’ हे मंडळ करतं. म्हणजे तपासणाऱ्याला तपासणारा आणखी कोणीतरी वर आहे.

आता प्रत्यक्ष तपासणी. निरीक्षक बागेत उतरण्याआधी टेबलाशी बसतो, आणि दिवसाचा बराच वेळ तिथेच जातो. त्याच्यासमोर फवारणीची नोंदवही असते. प्रत्येक फवारणीपुढे तारीख, प्लॉट, औषधाचं व्यापारी नाव, त्यातला सक्रिय घटक, प्रमाण, कारण (भुरी, डाऊनी, मिलीबग, जे असेल ते), फवारणाऱ्याचं नाव, वापरलेलं यंत्र आणि काढणीपूर्वी किती दिवस थांबायचं तो कालावधी, म्हणजे बागायतदारांच्या भाषेत पीएचआय, एवढं लिहिलेलं हवं. निरीक्षक शेवटच्या फवारणीची तारीख काढणीच्या तारखेशी ताडून बघतो.

पण वही खरी कशावरून? कसबी निरीक्षक आणि नुसत्या खुणा करत जाणारा यांतला फरक इथे दिसतो. कसबी माणूस एक औषध निवडतो आणि दुकानाचं बिल मागतो. बिलावर पाच लिटर आहे, वहीत तीन लिटर वापरल्याची नोंद आहे, तर गोदामातल्या फळीवर दोन लिटर दिसायला हवं. चार लिटर दिसलं तर वहीतली एखादी फवारणी झालेलीच नाही. काहीच दिसलं नाही तर नोंदीबाहेर फवारणी झाली असावी, किंवा औषध शेजाऱ्याला दिलं असावं, जे गावात सहज घडतं आणि कागदावर कुठेच येत नाही. हंगामभराच्या नोंदी एकाच पेनाने, एकाच बैठकीत उतरवलेल्या असतील तर तेही त्याला दिसतं. पाऊस झोडपत होता त्या दिवशी वहीत फवारणी असेल तर तो त्यावर बोट ठेवतो.

मग गोदाम. औषधांच्या खोलीला कुलूप आणि हवा खेळायला जागा हवी. भुकटीची औषधं वर आणि द्रवरूप खाली, कारण द्रव गळला तर खालच्या भुकटीत जाऊ नये. सांडलं तर टाकायला वाळूची बादली हवी. रिकामे डबे तीनदा विसळून, भोकं पाडून वेगळे ठेवलेले हवेत. फवारणीचा ब्लोअर मिनिटाला किती पाणी सोडतो हे मोजल्याचा पुरावा लागतो; ते माहीत नसेल तर वहीत लिहिलेलं प्रमाण हा अंदाजच ठरतो. पुढे माती-पाण्याचे अहवाल, खतांचा हिशेब, तोडणीच्या मजुरांसाठी हात धुण्याची आणि शौचालयाची सोय, प्रथमोपचार पेटी. मजुरांशी निरीक्षकाने स्वतः बोलायचं असतं. मालक शेजारी उभा राहिला तर मजूर काय बोलणार, हे कोणीही सांगेल, म्हणून चांगला निरीक्षक मालकाला काहीतरी कागद शोधायला घरात पाठवतो.

सगळ्या मुद्द्यांचं वजन सारखं नसतं. काही मुद्दे ‘मेजर मस्ट’, म्हणजे शंभर टक्के पाळायचेच. काही ‘मायनर मस्ट’, त्यांतले ९५ टक्के पाळले तर चालतं. बाकी शिफारशी. त्रुटी निघाली की सर्टिफिकेटचं नूतनीकरण असेल तर दुरुस्तीला २८ दिवस मिळतात, पहिलीच वेळ असेल तर तीन महिने. सर्टिफिकेट वर्षभर चालतं. शिवाय दरवर्षी सर्टिफिकेटधारकांपैकी दहा टक्क्यांकडे, जेमतेम दोन दिवस आधी कळवून, वेगळी भेट ठरलेली असते. माझ्या मते सगळ्या रचनेतला सर्वांत उपयोगी भाग हाच. ठरलेल्या तारखेला गोदाम झाडलेलं असतं. दोन दिवसांत ते झाडता येतं, पण मागच्या तीन महिन्यांच्या नोंदी पटतील अशा रचता येत नाहीत.

दोन-चार एकरांच्या बागायतदाराला एकट्याने या तपासणीचा खर्च पेलत नाही. त्यासाठी गटाची वाट आहे. १९९१ मध्ये उभ्या राहिलेल्या ‘महाग्रेप्स’पासून मोहाडीच्या ‘सह्याद्री फार्म्स’पर्यंत, लहान बागायतदारांनी एकत्र येऊन निर्यात करण्याची परंपरा महाराष्ट्रात आहेच. गटाच्या सर्टिफिकेटमध्ये गटाचे अंतर्गत निरीक्षक वर्षातून एकदा प्रत्येक सदस्याची बाग तपासतात. बाहेरचा निरीक्षक मात्र सदस्यसंख्येच्या वर्गमूळाइतक्याच बागा बघतो: गटात ४०० जण असतील तर २०. ऐकणारा दचकतो. उरलेल्या ३८० बागांचं काय? बाहेरच्याची खरी तपासणी गटाच्या व्यवस्थेची असते. वीस बागा म्हणजे अंतर्गत निरीक्षकाने लिहिलेलं खरं निघतं का, याची चाचणी. व्यवस्थेतच दोष निघाला तर टांगती तलवार सगळ्या गटावर येते. त्यामुळे सारा भार त्या अंतर्गत निरीक्षकावर पडतो. तो गटाचा पगारी माणूस, बहुधा त्याच पंचक्रोशीतला. चुलत्याच्या बागेला ‘नापास’ लिहिण्याचा धीर त्याला किती होतो, हे कुठल्याही मानकात लिहून ठरवता येत नाही.

दुसऱ्या प्रश्नाचा, फळात उरलंय काय याचा, इतिहास आपल्याकडे ठेचा खाऊन घडला. २००३ मध्ये नेदरलँड्समध्ये भारतीय द्राक्षांत कीटकनाशकांचे अंश मर्यादेपेक्षा जास्त सापडले. त्यानंतर ‘अपेडा’ या शेतमाल-निर्यातीसाठीच्या केंद्रीय संस्थेने निर्यातीच्या द्राक्षांसाठी अंश-तपासणीची योजना आखली आणि २००६ च्या सुमारास ती ‘ग्रेपनेट’ या संगणकीय प्रणालीत आणली. यात निर्यातीचा प्रत्येक प्लॉट कृषी विभागाकडे नोंदवायचा, त्याला स्वतंत्र क्रमांक मिळतो. काढणीआधी मान्यताप्राप्त प्रयोगशाळेचा माणूस स्वतः बागेत येऊन नमुना घेतो. बागायतदाराने निवडून आणलेला घड चालत नाही. अहवाल थेट प्रणालीत जातो. सॅम्पल फेल झालं की त्या प्लॉटच्या मालाची पुढची कागदपत्रं निघतच नाहीत. काय तपासायचं आणि कोणत्या पद्धतीने, याचं मार्गदर्शन पुण्याजवळ मांजरीच्या राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्रातली राष्ट्रीय संदर्भ प्रयोगशाळा करते.

एवढं असूनही २०१० चा हंगाम फसला. युरोपातल्या प्रयोगशाळांना भारतीय द्राक्षांत क्लोरमेक्वाट क्लोराइड सापडलं. बागायतदार त्याला ‘सीसीसी’ म्हणतात. वेलीची वाढ आवरून घडनिर्मितीला जोर मिळावा म्हणून ते वापरलं जात होतं. युरोपातली तेव्हाची मर्यादा किलोमागे ०.०५ मिलिग्रॅम, म्हणजे टनभर द्राक्षांत ५० मिलिग्रॅम. कंटेनर अडकले, भाव कोसळले, बागायतदार कर्जात गेले. त्यांतल्या अनेकांचे इथले रिपोर्ट स्वच्छ होते, आणि ते खोटे नव्हते. क्लोरमेक्वाट आपल्या तपासणीच्या यादीतच नव्हतं. शिवाय शेकडो कीटकनाशकं एकाच वेळी शोधणाऱ्या नेहमीच्या पद्धतीत ते सापडत नाही. पाण्यात चटकन विरघळणारा हा ध्रुवीय रेणू त्या पद्धतीतल्या द्रावकात उतरत नाही, त्यासाठी वेगळी चाचणी लावावी लागते. ‘रिपोर्ट पास’ याचा अर्थ ‘यादीतलं काही मर्यादेबाहेर सापडलं नाही’ इतकाच असतो. त्या हंगामानंतर क्लोरमेक्वाट यादीत आलं.

तिसरा प्रश्न पॅकहाऊसमध्ये सुटतो किंवा बिघडतो. प्लॉटचा क्रमांक क्रेटबरोबर आत येतो आणि पेटीवरच्या लेबलापर्यंत टिकला पाहिजे. इथली मुख्य तपासणी साध्या बेरीज-वजाबाकीची आहे: प्लॉटातून किती माल आला, पेट्यांत किती गेला, छाटणीत किती गळाला. चार एकरांच्या नावावर दहा एकरांचा माल निघत असेल तर शेजारची बाग या क्रमांकाखाली घुसलेली आहे. हिशेब सोपा, पण मार्चमध्ये रात्रपाळीत पॅकिंग चालू असताना तो जागच्या जागी ठेवणं अवघड.

आता पैशाची गोष्ट, जी या विषयावर बोलताना हळूच टाळली जाते. निरीक्षकाची फी कोण देतं? ज्याची तपासणी होते तोच. नापास करणारी संस्था पुढच्या वर्षी गिऱ्हाईक गमावू शकते. याचा परिणाम मोजणारा एक प्रयोग गुजरातमध्ये झाला, तोही शेतीबाहेर, कारखान्यांच्या प्रदूषण-तपासणीत. एस्थर डुफ्लो, मायकेल ग्रीनस्टोन, रोहिणी पांडे आणि निकोलस रायन यांनी काही कारखान्यांना तपासनीस चिठ्ठी टाकल्यासारखे नेमून दिले, त्यांची फी ठरावीक ठेवून सामाईक निधीतून दिली आणि त्यांच्या मोजमापांची अधूनमधून फेरतपासणी केली. २०१३ मध्ये निष्कर्ष छापून आले. जुन्या पद्धतीतल्या तपासनिसांचे आकडे संशय यावा इतके मर्यादेच्या जरा खाली गोळा झालेले होते. नव्या पद्धतीत प्रदूषण खोटेपणाने मर्यादेत दाखवण्याचं प्रमाण ८० टक्क्यांनी घटलं, आणि कारखान्यांचं प्रदूषणही कमी झालं.

शेतमालाच्या प्रमाणनात फी अजून तपासून घेणाराच देतो. त्यावर उतारे आहेत: एकाच निरीक्षकाला त्याच बागेवर वर्षानुवर्षं पाठवायचं नाही, मानक-संस्थेने प्रमाणन संस्थांच्या कामाची वेगळी पडताळणी करायची, आणि शेवटी बाजाराचा दट्ट्या. २०२० मध्ये युरोपात गेलेल्या भारतीय तिळात इथिलीन ऑक्साइड हे तिथे अन्नात बंदी असलेलं रसायन सापडलं, त्यातला काही माल सेंद्रिय म्हणून गेलेला होता. पुढे युरोपीय संघाने भारतातल्या पाच संस्थांची सेंद्रिय प्रमाणनाची मान्यता काढून घेतली. संस्थेच्या धंद्यावरच घाला येतो तेव्हा बाकीच्यांच्या निरीक्षकांनाही बिलं मागण्याची आठवण राहते.

शाश्वततेच्या बाबतीत मला सर्वांत कच्चा वाटणारा दुवा पाण्याचा आहे. औषधाची बाटली एका बागायतदाराची असते, गोदामाला कुलूप त्याचं असतं. भूजल मात्र सगळ्या शिवाराचं. ठिबक आहे, पाण्याची नोंद आहे, बोअर रीतसर आहे, म्हणून एक बाग निर्धास्त पास होते. तशाच पाचशे पास बागा एकाच खडकातलं पाणी उपसत असतील तर काय, हे बागेच्या बांधावर उभ्या असलेल्या निरीक्षकाला दिसत नाही. ग्लोबल गॅपने सिंचन आणि भूजलासाठी ‘स्प्रिंग’ नावाची, तर मजुरांच्या परिस्थितीसाठी ‘ग्रास्प’ नावाची जोड-तपासणी काढली आहे. स्प्रिंगमध्ये उपशाचा कायदेशीर आधार आणि खोऱ्यातली पाण्याची स्थिती विचारली जाते. पण या दोन्ही मूळ सर्टिफिकेटच्या बाहेरच्या आहेत. आयातदाराने मागितल्या तरच होतात, आणि त्यांची फी पुन्हा बागायतदाराच्या किंवा गटाच्या खात्यातून जाते. पेटीमागे भाव त्यामुळे वाढेलच, असं मागणाऱ्याने कुठे लिहून दिलेलं नसतं.