जुनी मोटारसायकल आणि माहितीचे मोल

जुन्या मोटारसायकलींच्या बाजारात विक्रेता आणि ग्राहक समान पातळीवर नसतात. वाहनाचे दोष एकास ठाऊक असतात, दुसऱ्यास नसतात. अशा बाजारात चांगल्या मालासही रास्त भाव मिळत नाही व तो हळूहळू हद्दपार होतो, हे जॉर्ज अकरलॉफ या अर्थशास्त्रज्ञाने १९७० साली जुन्या मोटारींच्याच उदाहरणाने दाखविले. नवशिक्या चालकाची अडचण तर दुहेरी आहे. त्यास यंत्राची पारख नसते आणि स्वतःच्या कौशल्याचा अंदाजही नसतो. म्हणून त्याने रुबाबाच्या मागे न लागता १०० ते १२५ सीसीचे हलके वाहन पसंत करावे, इंजिन थंड असताना ते सुरू करून पाहावे आणि विश्वासातील मेकॅनिकचा सल्ला घ्यावा. त्याचा मेहनताना म्हणजे माहितीची किंमतच होय.

कागदपत्रांतील हयगय मात्र विक्रेत्यासही भोवते. हस्तांतराची नोंद झाली नसल्यास अपघाताच्या भरपाईचे दायित्व नोंदणीकृत मालकावरच राहते, असा निर्वाळा सर्वोच्च न्यायालयाने २०१८ साली दिला. तेव्हा ही नोंद उभयतांच्या हिताची आहे. आणि खरेदीचा हिशेब मांडताना हेल्मेटचे पैसे आधी बाजूला काढावेत. उरलेल्या रकमेत बसेल तेच वाहन आपल्या ऐपतीचे समजावे.