नाडीने सांगितलेली ओळख

सप्तर्षीतील क्रतू या ताऱ्याला जगभर 'दुभे' म्हणतात. हे नाव अरबी 'दुब्ब' म्हणजे अस्वल या शब्दावरून आले. त्याच्याच परिसरात चांगल्या दुर्बिणीतून एक लांबट, पुसट डाग दिसतो. ती एम-८२ दीर्घिका, आपल्यापासून सुमारे १ कोटी २० लाख प्रकाशवर्षे दूर.

शेजारच्या एम-८१ या मोठ्या दीर्घिकेच्या ओढीमुळे तिच्या मध्यभागी वायू दाटला आहे आणि तेथे तारे भराभर जन्मतात. त्यांतले जड तारे लवकर संपतात. मागे न्यूट्रॉन तारे किंवा कृष्णविवरे उरतात. जोडीदार ताऱ्याचा वायू त्यांच्यावर कोसळताना प्रचंड तापतो व क्ष-किरण निघतात. आपले वातावरण हे किरण अडवते, म्हणून ते अवकाशातूनच टिपावे लागतात.

१९९९ साली सोडलेल्या 'चंद्रा' वेधशाळेने या दीर्घिकेतील क्ष-किरणांचे ठिपके वेगवेगळे दाखवले. सुब्रह्मण्यन चंद्रशेखर यांचे नाव तिला दिले आहे. यातले काही ठिपके कमी-जास्त तेजस्वी होत होते. असे बदल फार मोलाचे असतात. प्रकाशालाही वस्तू ओलांडायला वेळ लागतो. म्हणून बदल जितका झटपट, तितकी वस्तू लहान.

'एक्स-२' नावाचा ठिपका इतका प्रखर होता की ते कृष्णविवरच असावे, असे बहुतेकांनी धरले होते. जानेवारी २०१४ मध्ये एम-८२ मध्ये एक तारा स्फोटाने उजळला. तो पाहण्यासाठी 'नूस्टार' उपग्रह तिकडे वळवला गेला. त्या नोंदी तपासताना मातेओ बाकेत्ती आणि सहकाऱ्यांना वेगळेच आढळले. 'एक्स-२'चे क्ष-किरण दर १.३७ सेकंदांनी नाडीसारखे ठोके देत होते!

कृष्णविवराला पृष्ठभाग नसतो. त्यातून असे नियमित ठोके येत नाहीत. ते येतात स्वतःभोवती फिरणाऱ्या, चुंबकीय ध्रुव असलेल्या न्यूट्रॉन ताऱ्यातून. जेमतेम वीस-पंचवीस किलोमीटर रुंदीचा हा गोळा सुमारे एक कोटी सूर्यांइतकी ऊर्जा फेकत होता. त्याच्या वजनाच्या ताऱ्याला मानलेल्या मर्यादेच्या जवळपास शंभरपट!

शोधायला गेले स्फोट, हाती आली चुकीची दुरुस्ती. वर्गात मी मुलांना हेच सांगतो : तेज पाहून ओळख ठरवू नका, आधी नाडी तपासा.