किडीला नाव देताना

‘दात किडला’ असं आपण सहज म्हणतो. त्या शब्दातच एक अळी दडलेली आहे. दुखऱ्या दाढेला रिंगणीच्या बियांची धुरी देऊन ती अळी पाडायचा उपाय आपल्या खेड्यापाड्यांत पिढ्यानपिढ्या चालत आला. अळी खरी नव्हती, पण दातात काहीतरी जिवंत आहे हा अंदाज खरा होता.

1890 मध्ये बर्लिनच्या विलोबी मिलर या अमेरिकन दंतवैद्याने मांडलं, की तोंडातले जिवाणू साखरेचं आम्ल करतात आणि त्या आम्लाने दात विरघळतो. पण नेमके कोणते जिवाणू? 1924 मध्ये लंडनच्या क्लार्क यांना किडलेल्या दातांत एक गोल जिवाणू सापडला. आम्ल वाढलं की तो लांबट दिसायचा, म्हणून त्याचं नाव ठेवलं स्ट्रेप्टोकॉकस म्युटन्स, म्हणजे बदलणारा. पुढे चाळीसेक वर्षं त्याच्याकडे फारसं कुणी पाहिलं नाही. 1960 च्या दशकात तो पुन्हा पुढे आला आणि मग सगळा दोष त्याच्याच माथी बसला.

संशोधक मात्र दात पोखरत राहिले, अगदी शब्दशः. किडीच्या तळाशी दंतिन, म्हणजे दाताच्या कठीण कवचाखालचा भाग, ओल्या चामड्यासारखं मऊ होतं. चमच्यासारख्या बारीक हत्याराने ते खरवडून प्राणवायू नसलेल्या पेटीत रक्तमिश्रित अगार या जिवाणू वाढवायच्या थरावर पसरतात. आठ-दहा दिवसांनी टाचणीच्या टोकाएवढे ठिपके उमटतात. एकेक ठिपका उचलून वेगळा वाढवायचा आणि त्याच्या 16एस आरएनए जनुकाची सुमारे 1,500 अक्षरं वाचायची. ज्ञात जातींशी जुळणी 98.7 टक्क्यांच्या खाली आली, तर पाहुणा नवा असण्याची शक्यता मोठी. त्यानंतर पूर्ण जनुकसंच ताडून पाहतात, तो कोणत्या शर्करा आंबवतो आणि कोणती आम्लं सोडतो हे तपासतात.

अशाच कामातून लंडनच्या डाउन्स आणि वेड यांनी 2009 मध्ये किडलेल्या दंतिनातला प्रोपिओनिबॅक्टेरियम ॲसिडिफेशियन्स जगापुढे ठेवला. 2011 मध्ये स्कार्डोव्हिया विगसी या जातीला नाव मिळालं. त्याच वर्षी बॉस्टनच्या ॲन टॅनर आणि सहकाऱ्यांना लहान मुलांच्या तीव्र दंतक्षयात हीच जाती ठळकपणे आढळली. ज्या मुलांत म्युटन्स सापडला नाही, तिथेसुद्धा. जवळपास अर्ध्या शतकाचा एकच आरोपी आता एकटा राहिला नव्हता.

नवी जाती नुसत्या जनुकाच्या अक्षरांवर अधिकृत होत नाही. तिचा जिवंत नमुना किमान दोन देशांतल्या सार्वजनिक संग्रहांत ठेवावा लागतो. पुण्याचं राष्ट्रीय सूक्ष्मजीव संसाधन केंद्र हा असाच एक संग्रह. मला हा नियम फार मोलाचा वाटतो. जो जिवाणू हाती आहे, त्याच्यावर औषध तपासता येतं, दुसऱ्याचा दावा पडताळता येतो. तोंडातल्या सुमारे 700 जातींपैकी कितीतरी अजून पेटीत वाढायला तयार नाहीत. टीएम7एक्स हा इवलासा जीव तर 2015 मध्ये हाती लागला तो दुसऱ्या जिवाणूच्या अंगावर चिकटूनच. यजमानाशिवाय तो वाढत नाही.

धुरी देणाऱ्याला अळी दाखवावी लागे, तेव्हा रोग्याचा विश्वास बसे. आजच्या संशोधकालाही जिवाणू दाखवावाच लागतो. फरक एवढाच, की तो कुणीही मागवून घ्यावा, वाढवावा आणि स्वतः पाहावा, यासाठी जपून ठेवलेला असतो.